डॉक्टरांची संघटना शोधावी कशी?
(विद्यार्थी व पालकांसाठी एक अभ्यासपाठ)



आपल्या संस्थेच्या सभासदांच्या घरांतून आता डॉक्टर होऊ लागले आहेत, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या मुलामुलींचा आपण गुणगौरव समारंभात पुष्पगुच्छ देऊन सत्कार करतो, पेढे वाटतो, फोटो काढतो. परंतु पुढे काय? प्रवेश, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती एवढ्यावर आपले मार्गदर्शन थांबते. पदवी हाती आल्यावर तो तरुण ज्या व्यवसायात उतरतो, त्या व्यवसायाच्या स्वतःच्या संघटना असतात, त्यांची अधिवेशने भरतात, नियतकालिके निघतात, अडचणीच्या वेळी त्या पाठीशी उभ्या राहतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसते. आम्हालाही नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

हा विषय आम्हाला कसा सुचला, ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आमच्या वस्तीतील एक मुलगी एम.बी.बी.एस. झाली. वडील एस.टी.त वाहक. घराण्यात तिच्याआधी कोणी दवाखान्यात नोकरीलासुद्धा नव्हते. आंतरवासिता संपत आली असताना तिच्या मोबाईलवर एक संदेश आला. डॉक्टरांची एक ‘राष्ट्रीय’ म्हणवणारी संघटना तिला आजीव सभासदत्व आणि सोबत एक ‘फेलोशिप’ देणार होती. शुल्क सात हजार रुपये. ती संध्याकाळी वाचनालयात आली आणि म्हणाली, “काका, ही संस्था खरी आहे का?” आम्ही संकेतस्थळ उघडून पाहिले. वर राजमुद्रेसारखे चिन्ह होते, पृथ्वीच्या गोलाचे चित्र होते, पुढाऱ्यांबरोबरचे फोटो होते. आम्ही म्हटले, “नाव तर मोठे दिसते. भरून टाक.” तिने पैसे भरले. प्रमाणपत्र आले. वडिलांनी ते चौकट करून भिंतीवर लावले. पुढे एका नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारण्यात आले, “ही फेलोशिप कोणाच्या मान्यतेची?” तिच्याजवळ उत्तर नव्हते, कारण मान्यता कोणाचीच नव्हती. तिने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच आम्हाला अधिक लागले.

त्यानंतर काही रविवार आम्ही तिच्यासोबत वाचनालयातील संगणकापुढे बसलो आणि ही गोष्ट नीट शिकून घेतली. जे शिकलो ते क्रमाने पुढे देत आहोत.

१. परिषद वेगळी, संघटना वेगळी

पहिला धडा हा की, डॉक्टरांच्या संदर्भात दोन प्रकारच्या संस्था असतात आणि त्यांची गल्लत करता कामा नये.

पहिला प्रकार कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांचा. आपल्या राज्यात महाराष्ट्र वैद्यकीय परिषद आहे. ती १९६५ च्या कायद्यानुसार चालते. आधुनिक वैद्यकाची, म्हणजे आपण ज्याला ॲलोपॅथी म्हणतो त्याची, पदवी घेतलेल्या डॉक्टरला महाराष्ट्रात व्यवसाय करावयाचा तर नोंदणी लागते आणि ती ही परिषद करते. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी त्या काळात ३० श्रेयांक मिळवावे लागतात. हे श्रेयांक मान्यताप्राप्त परिसंवाद, कार्यशाळा, अधिवेशने यांना उपस्थित राहून मिळतात. देशपातळीवर पूर्वी भारतीय वैद्यकीय परिषद होती; २५ सप्टेंबर २०२० पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्या पदवीधरांसाठी राज्यात स्वतंत्र परिषदा आहेत.

दुसरा प्रकार स्वेच्छेने स्थापन झालेल्या संघटनांचा. इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आय.एम.ए., ही त्यांतली सर्वांना ऐकून माहीत असलेली. तिचे सभासद झालेच पाहिजे असा कायदा नाही. ती परवाना देत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही.

थोडक्यात सांगावयाचे तर परिषद डॉक्टरला परवानगी देते आणि संघटना त्याला माणसे देते. परवानगीशिवाय व्यवसाय करता येत नाही. माणसांशिवाय तो करता येतो, पण फार एकाकीपणे. जी संस्था संघटना असून परिषदेसारखा आव आणते, पदव्या आणि परवाने देऊ करते, तिच्याविषयी तिथेच शंका घ्यावी. हा फरक आम्हाला त्या दिवशी माहीत असता तर सात हजार रुपये वाचले असते.

२. संघटना हवी कशासाठी?

कोणी म्हणेल, कायदा सांगत नाही तर सभासद कशाला व्हायचे? याचे उत्तर इतिहासात आहे.

मुंबईत १८८३ साली बॉम्बे मेडिकल युनियन स्थापन झाली. त्या काळी वरच्या वैद्यकीय जागा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. हिंदी डॉक्टरांना आपले म्हणणे मांडण्यासाठी व्यासपीठ हवे होते. स्त्री डॉक्टरांनी १९०७ साली आपली स्वतंत्र संघटना काढली. १९२८ साली कलकत्त्याला भरलेल्या अखिल भारतीय वैद्यकीय परिषदेत आजच्या आय.एम.ए.चा पाया घातला गेला.

याहून बोलका दाखला अमेरिकेतला आहे. तेथे अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची मोठी संघटना. तिच्यात जाण्याचा रस्ता स्थानिक वैद्यकीय मंडळांतून जात असे, आणि ही मंडळे, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांतील, काळ्या डॉक्टरांना दारात उभी करीत नसत. सभासदत्व नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याची सोय नाही, पुढील शिक्षणाची संधी नाही, असे ते चक्र होते. तेव्हा काळ्या डॉक्टरांनी १८९५ साली अटलांटा शहरात नॅशनल मेडिकल असोसिएशन ही आपली संघटना उभारली. पुढे स्वतःचे नियतकालिक काढले. ती संघटना आजही काम करते. २००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे माफी यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. पण तोपर्यंत ते डॉक्टर हातावर हात धरून बसले नव्हते.

आपल्याकडे बाबासाहेबांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा शिक्षण आणि संघटन या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या होत्या. आपण शिक्षणाची बाजू धरली. संघटनाची बाजू व्यवसायाच्या दारापर्यंत नेली का, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. २००७ च्या तिच्या अहवालात या विद्यार्थ्यांना वेगळे टाकले जाण्याची नोंद आहे. ज्याचे वडील-काका डॉक्टर असतात त्याला घरातच सल्ला मिळतो. ज्याच्या घरात तो पहिलाच डॉक्टर आहे, त्याला हा सल्ला बाहेरून मिळवावा लागतो. म्हणून संघटनेची खरी गरज त्यालाच अधिक आहे.

३. आपल्याला कोणती संघटना हवी?

संगणक उघडण्याआधी कागदावर तीन प्रश्न लिहावेत.

पहिला प्रश्न : मी कोणत्या टप्प्यावर आहे? विद्यार्थी असल्यास आय.एम.ए.ची वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी वेगळी शाखा आहे. शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयात निवासी डॉक्टर असल्यास ‘मार्ड’ ही निवासी डॉक्टरांची संघटना. शासकीय सेवेतील राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांची ‘मॅग्मो’ ही संघटना निराळी.

दुसरा प्रश्न : माझा विषय कोणता? पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी विषयवार संघटना आहेत. शल्यचिकित्सकांची असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया १९३८ ची. फिजिशियनांची असोसिएशन १९४४ ची. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची ‘फॉग्सी’ १९५० ची. ती गावोगावच्या मंडळांचा महासंघ असल्यामुळे तिच्यात आपल्या भागातील मंडळामार्फत जावे लागते. बालरोगतज्ज्ञांची इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स १९६३ ची.

तिसरा प्रश्न : मला तिच्याकडून काय हवे? श्रेयांकासाठी परिसंवाद, नवे ज्ञान, खटला झाल्यास कायदेशीर मदत, की सेवाशर्तींसाठी लढणारे कोणी? सगळ्या गोष्टी एकाच संघटनेत मिळत नाहीत. विषयाची संघटना ज्ञान देईल. पगार थकला तर निवासी डॉक्टरांची संघटना कामी येईल.

परदेशी जाणाऱ्यांनीही हीच रीत ठेवावी. इंग्लंडमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल नोंदणी करते, ब्रिटिश मेडिकल असोसिएशन ही संघटना आहे, आणि भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना १९९६ पासून आहे. अमेरिकेत अशीच ‘आपी’ ही संघटना १९८२ पासून आहे.

४. शोधाची रीत

आता प्रत्यक्ष शोध. आम्ही ज्या क्रमाने गेलो तो क्रम असा :

(अ) सुरुवात परिषदेपासून करावी. आधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे आणि राज्य परिषदेचे संकेतस्थळ पाहावे. आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत डॉक्टरांची सूची आहे. तेथे नाव, नोंदणी क्रमांक किंवा राज्य परिषद घालून शोध घेता येतो. हे साधन पुढे पारख करताना उपयोगी पडते.

(आ) शोधयंत्रात शब्द नेमके घालावेत. नुसते ‘डॉक्टर संघटना’ असे घातले तर जाहिरातीच वर येतात. विषय, संघटना आणि जिल्हा असे तिन्ही शब्द घालावेत. जसे ‘बालरोगतज्ज्ञ संघटना नाशिक’. मग हेच शब्द इंग्रजीत घालून पुन्हा शोधावे, कारण बहुतेक संघटनांची पाने इंग्रजीत असतात. संघटनेचे पूर्ण नाव कळले की ते अवतरणचिन्हांत घालावे. म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने असलेली पाने मिळतात.

(इ) सर्वांत वर आलेले ते सर्वांत खरे, असे समजू नये. ज्या दुव्यावर ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, तो पैसे देऊन वर आणलेला असतो.

(ई) मोठ्या संघटनेच्या पानावरून खाली उतरावे. राष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावर राज्य शाखा आणि स्थानिक शाखा यांची माहिती शोधावी. आपल्या गावाची शाखा वरच्या पानावरून सापडली तर ती खरी असण्याची खात्री बरीच वाढते. स्वतंत्रपणे सापडलेल्या शाखेचे नाव वरच्या यादीत आहे का, हे उलटही तपासावे.

(उ) नियतकालिकाचा माग काढावा. जुन्या संघटनांची नियतकालिके वर्षानुवर्षे निघत आहेत. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचे ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ हे त्यांपैकी एक. वैद्यकीय लेखांच्या ‘पबमेड’ या मोफत सूचीत अशा नियतकालिकाचे नाव घालून पाहावे. ज्या संघटनेच्या नियतकालिकात आपले प्राध्यापक लिहितात, ती आपल्या विषयात मानली जाणारी संघटना होय.

(ऊ) आता प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. सुरुवातीची यादी मिळवायला ती बरी. परंतु ही साधने कधी कधी अस्तित्वात नसलेल्या संस्थेचे नावही आत्मविश्वासाने सांगतात. म्हणून त्यांनी दिलेले प्रत्येक नाव मूळ संकेतस्थळावर जाऊन पडताळल्याशिवाय वहीत उतरवू नये.

५. खरी की खोटी?

पैसे भरण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात. आम्ही त्या एका पुठ्ठ्यावर लिहून वाचनालयात टांगल्या आहेत.

पदाधिकाऱ्यांची नावे दिली आहेत का? दिली असल्यास ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या सूचीत सापडतात का? ज्या संघटनेचा अध्यक्षच सूचीत सापडत नाही, तिच्यापासून चार हात दूर राहावे.

संस्थेचा नोंदणी क्रमांक दिला आहे का? महाराष्ट्रात अशा संस्था सामान्यतः १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदलेल्या असतात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याची खातरजमा करता येते. मात्र नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. आपली ही संस्थासुद्धा नोंदणीकृत आहे. म्हणून काय आपण कोणाला वैद्यकीय पदवी देऊ शकतो?

संकेतस्थळाचा पत्ता कसा आहे? शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असलेला पत्ता सरकारी संस्थांनाच मिळतो. ‘ओआरजी’ हा शेवट मात्र कोणीही पैसे देऊन घेऊ शकतो. त्यामुळे ‘ओआरजी’ पाहून भुलू नये.

निवडणुका, वार्षिक सभा आणि मागील अधिवेशनांची माहिती आहे का? जिवंत संघटनेत सभा होतात, वादही होतात, पदाधिकारी बदलतात. जेथे फक्त ‘अर्ज करा’ आणि ‘पैसे भरा’ एवढेच आहे, तेथे संघटना नसून दुकान आहे.

परिसंवादाला श्रेयांक मिळतील असे म्हटले असल्यास ते राज्य परिषदेने दिलेले आहेत का? ही खात्री परिषदेकडूनच करून घ्यावी.

आणि शेवटचे : ‘आजच भरा, उद्या मुदत संपते’ असा तगादा असेल तर आज मुळीच भरू नये.

६. साधन पत्ता देते, जिना आपणच चढावा लागतो

या रीतीने शोधल्यावर त्या मुलीला आपल्या तालुक्याच्या ठिकाणची डॉक्टरांच्या संघटनेची शाखा सापडली. ती आमच्या वाचनालयापासून चालत वीस मिनिटांवर होती! अर्ज उतरवून घेतला, तेव्हा त्यावर विद्यमान सभासदाच्या शिफारशीची जागा दिसली. ती म्हणाली, “काका, मी तर कोणालाच ओळखत नाही.” या एका ओळीपाशी आपली किती मुले परत फिरली असतील, असा विचार मनात आला. जे माहितीचे दार संगणकाने उघडले, तेच ओळखीच्या कुलपाने पुन्हा बंद व्हायचे.

तेव्हा आम्ही तिला एवढेच सुचवले की, अर्ज बाजूला ठेव आणि त्यांच्या पुढच्या परिसंवादाला जा. तारीख शाखेच्या पानावर होती, विषय सर्पदंशावरील उपचार हा होता. ती गेली, मागच्या रांगेत बसली. ग्रामीण रुग्णालयातल्या आंतरवासितेत तिने सर्पदंशाचे रुग्ण पाहिले होते. तिने एक प्रश्न विचारला. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ डॉक्टर बाई आपणहून तिच्याकडे आल्या, कोणत्या महाविद्यालयातून झालीस वगैरे विचारपूस केली, आणि अर्जावर सही दिली. पुढे रात्री-अपरात्री एखाद्या रुग्णाबाबत शंका आली तर फोन करावा असे एक माणूस तिला मिळाले. हे सात हजारांच्या प्रमाणपत्राने झाले नसते.

सगळ्यांना इतक्या सहज सही मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी दुजाभाव होईल, काही ठिकाणी कोणी विचारणारही नाही. तेथे एकापेक्षा अधिक दारे ठोठवावी लागतील, आणि गरज पडल्यास आपले मंडळही उभारावे लागेल, हे अटलांटाच्या उदाहरणावरून आपण पाहिले. पण दार कोठे आहे हेच माहीत नसणे, ही अडचण आता राहता कामा नये.

आज ती मुलगी स्वतः सभासद आहे. आपल्या दोन विद्यार्थ्यांच्या अर्जांवर तिने सह्या केल्या आहेत. ते जुने प्रमाणपत्र वडिलांनी भिंतीवरून काढले. तिने ते फाडू दिले नाही. ते आमच्या वाचनालयाच्या कपाटात आहे. कोणी विद्यार्थी ‘ही संस्था खरी का?’ म्हणून विचारायला आला की, आम्ही आधी ते दाखवतो आणि मग संगणक सुरू करतो.

सभासद बंधू-भगिनींना विनंती की, आपल्या ओळखीचा कोणी वैद्यकीय विद्यार्थी असल्यास त्याला हा पाठ वाचावयास द्यावा. ज्या सभासदांची मुले आज डॉक्टर आहेत, त्यांनी आपल्या संघटनेचे नाव व शाखा वाचनालयातील वहीत लिहून ठेवावी. पुढच्याला शिफारशीची सही लागेल, तेव्हा ती वही उघडता येईल.

स्वाध्याय

१) परिषद आणि संघटना यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
२) आपल्या जिल्ह्यातील डॉक्टरांच्या कोणत्याही एका संघटनेची शाखा शोधा व ती खरी असल्याचे तीन पुरावे लिहा.
३) अमेरिकेतील काळ्या डॉक्टरांनी १८९५ साली वेगळी संघटना का स्थापन केली?
४) आपल्या घरात आलेला सभासदत्वाचा एखादा संदेश घेऊन पाचव्या भागातील कसोट्या त्याला लावून पाहा, आणि काय आढळले ते वाचनालयात येऊन सांगा.